ठोसेघरचा धबधबा: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

पावसाळा लागला की घरोघरी एकच विषय निघतो, एखादा धबधबा बघायला जाऊ. मग कोणीतरी मोबाइलवर देवकुंडचा व्हिडिओ दाखवतो, आईचे गुडघे आठवतात, धाकट्याला चालवेल का याची चर्चा होते आणि बेत लोणावळ्याच्या वाहतूक कोंडीत जाऊन अडकतो. ज्यांनी आजवर ट्रेक केलेला नाही, ज्यांच्यासोबत सत्तरीचे आजोबा आणि सहा वर्षांची नात दोघंही आहेत, त्यांनी सरळ साताऱ्याची वाट धरावी. शहरापासून साधारण पंचवीस किलोमीटरवर ठोसेघर आहे. गाडी जवळपास दारात जाते, पुढे बांधलेली वाट आणि पायऱ्या आहेत आणि समोर दिसतो तो सह्याद्रीतल्या मोठ्या धबधब्यांपैकी एक.

एक गोष्ट मात्र निघण्याआधी घरच्यांना सांगून ठेवा. ठोसेघर हा बघायचा धबधबा आहे, भिजायचा नाही. पाणी खोल दरीत कोसळतं आणि आपण दरीच्या अलीकडच्या कडेला, कठड्यामागे उभे असतो. ज्यांना धारेखाली उभं राहायचंय त्यांचा इथे हिरमोड होईल. माझ्या मते ही या जागेची खोट नसून सोय आहे. लहान मुलं आणि म्हातारी माणसं सोबत असताना पाण्यापासून अंतर असलेलंच बरं.

कधी जावं

जूनच्या अखेरीपासून पाणी धरतं. जुलै-ऑगस्टमध्ये ते पूर्ण भरात असतं, पण याच दोन महिन्यांत धुकंही सगळ्यात दाट. समुद्रावरून येणारे ढग घाटाला धडकून वर चढतात आणि वाटेत सापडेल त्या दरीत शिरतात. ठोसेघरची दरी त्यांना आयतीच मिळते. भर जुलैत गेलात तर समोर पांढरा पडदा आणि त्यामागून नुसता आवाज, असंही होऊ शकतं. पाणी आणि उघडीप दोन्ही हवं असेल तर सप्टेंबर आणि ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा धरा. पहिल्यांदा जाणाऱ्यांना मी तरी हाच काळ सुचवते. धार जरा बारीक झालेली असते, पण दरी तळापर्यंत दिसते, कडेकपारीला तेरडा आणि सोनकी फुललेली असते आणि रस्त्यावर चिखल कमी असतो. दिवाळीनंतर पाणी झपाट्याने आटतं. उन्हाळ्यात जाऊ नका, काळा कातळ बघून परत याल.

वार जमला तर मंगळवार-बुधवारसारखा मधला घ्या. रविवारीच जायची वेळ आली तर सकाळी नऊच्या आत पोहोचा. दहानंतर गाड्यांची रांग लागते आणि अरुंद रस्त्यावर समोरून एसटी आली की सगळ्यांनाच मागे सरकावं लागतं.

आदल्या दिवशी

हवामान खात्याचा इशारा बघितल्याशिवाय निघू नका. तो बघतानाही एक बारकावा आहे. सातारा जिल्ह्यासाठी एक इशारा असतो आणि साताऱ्याच्या घाट परिसरासाठी वेगळा. शहरात रिमझिम असताना घाटमाथ्यावर धो धो कोसळत असतो, म्हणून घाट परिसराची ओळ वाचा. ऑरेंज असेल तर बेत पुढे ढकला. रेड असेल तर त्या दिवशी विषयच काढू नका. असे इशारे असले की जिल्हाधिकारी बरेचदा धबधबे आणि पर्यटनस्थळं काही दिवस बंद ठेवतात. त्या आदेशाची बातमी स्थानिक वर्तमानपत्रांत आणि जिल्हा प्रशासनाच्या समाजमाध्यमांवर येते. इथवर येऊन बंद फाटकापुढे उभं राहण्यापेक्षा दोन मिनिटं मोबाइल चाळलेला परवडला.

फाटक बंद दिसलं तर परत फिरा. ‘एवढे आलोच आहोत तर’ म्हणत दुसरी एखादी कड शोधायला जाऊ नका. 2024 च्या ऑगस्टमध्ये ठोसेघरच्याच वाटेवर, बोरणे घाटात, सेल्फी घेताना एक तरुणी दरीत पडली. दोराच्या साहाय्याने खाली उतरून तिला वर काढलं गेलं म्हणून ती वाचली. बांधलेल्या जागी निदान कठडा असतो, वाटेतल्या कडेला तोही नसतो.

काय घालावं, काय न्यावं

पायांपासून सुरुवात करू. सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो. वाट बांधलेली आहे, म्हणून लोक चपला घालून येतात. पण सावलीतल्या सिमेंटवर आणि दगडी पायरीवर पावसाळाभर शेवाळाचा हिरवा थर असतो आणि गुळगुळीत तळाची चप्पल त्यावर क्षणात सरकते. तळव्याला खोल खाचा असलेले बूट किंवा मागे पट्टा असलेले पावसाळी सँडल घाला. जुने स्पोर्ट्स शूज असतील तर ते उलटे करून बघा. तळ घासून सपाट झाला असेल तर ते घरीच ठेवा.

छत्रीपेक्षा रेनकोट बरा. घाटमाथ्यावर वारा खालून वर येतो आणि छत्री पहिल्याच झोताला उलटी होते. शिवाय पायऱ्यांवर एक हात कठड्यासाठी मोकळा लागतो. जीन्स नको. एकदा भिजली की दिवसभर वाळत नाही आणि जड होऊन चालणं नकोसं करते. लवकर वाळणारी पँट घाला. प्रत्येकासाठी एक कोरडा जोड आणि एक पंचा गाडीत ठेवा, मुलांसाठी दोन जोड.

याशिवाय पाण्याची बाटली, थोडा कोरडा खाऊ, रोजची औषधं, मोबाइलसाठी प्लास्टिकची पिशवी आणि कचऱ्यासाठी आणखी एक पिशवी. सुट्टे पैसे जवळ असू द्या. घाटात मोबाइलची रेंज येते-जाते, त्यामुळे प्रवेशाच्या पावतीला किंवा टपरीवर चहाला ऑनलाइन पैसे जातीलच असं नाही. नकाशाही साताऱ्यातच उतरवून घ्या. पेट्रोलची टाकीसुद्धा तिथेच भरा.

साताऱ्यापर्यंत आणि पुढे

पुण्याहून सातारा साधारण 110 किलोमीटर. महामार्गाने खेड शिवापूर आणि आनेवाडी हे दोन टोलनाके लागतात आणि मधे खंबाटकी घाट. सुट्टीच्या सकाळी घाटात गाड्या तुंबतात, म्हणून पुण्यातून सहाला निघालेलं चांगलं. रेल्वेने आलात तर सातारा स्टेशन शहरात नाही, माहुलीकडे बाहेर आहे. तिथून रिक्षाने शहरात यावं लागतं.

शहरात शिरल्यावर समर्थ मंदिराची दिशा धरायची आणि बोगद्यापाशी यायचं. नवखे इथेच चुकतात. बोगद्याच्या अलीकडून एक रस्ता यवतेश्वरच्या घाटाने कासच्या फुलांच्या पठाराकडे चढतो. आपल्याला तो नको. आपण बोगद्यातून पलीकडे जायचं. पुढचा रस्ता सज्जनगडाच्या पायथ्याकडे जातो, एका बाजूला उरमोडी धरणाचं पाणी दिसत राहतं. सज्जनगडाचा फाटा मागे टाकला की बोरणे घाट, मग माथ्यावरची वस्ती आणि ठोसेघर. शहरातून तासाभराचा रस्ता आहे. घाटात धुकं असेल तर गाडीचे दिवे खाली ठेवा. मोठे दिवे लावले की उजेड धुक्यावर आपटून आपल्याच डोळ्यांवर येतो आणि काही दिसत नाही. चारही इंडिकेटर लावून गाडी चालवण्याची जी पद्धत पडली आहे तीही सोडा. तुम्ही उभे आहात की वळताय, हे मागच्याला कळत नाही.

एसटीने जाणं शक्य आहे आणि स्वस्तही. महिलांना 2023 च्या मार्चपासून अर्धं तिकीट आहे आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत आहे, तेव्हा आजीचं ओळखपत्र विसरू नका. सातारा बसस्थानकातल्या चौकशी खिडकीवर ठोसेघर किंवा चाळकेवाडीच्या गाडीची वेळ विचारा. फेऱ्या मोजक्याच असतात, म्हणून चढतानाच कंडक्टरला परतीच्या गाडीची वेळही विचारून ठेवा. शेवटची गाडी चुकली तर तिथे उभ्या उभ्या रिक्षा मिळत नाही. चार-पाच जण असाल तर साताऱ्यातूनच जाऊन-येऊन गाडी ठरवणं सोयीचं. ‘थांबायचे किती तास’ हे आधीच बोलून घ्या, नाहीतर चालक अर्ध्या तासात हॉर्न वाजवायला लागतो.

प्रत्यक्ष वाट

गाडी लावली की फाटकाशी गावातल्या वनसमितीची माणसं पावती फाडतात. हे पैसे देताना कुरकुर करू नका. वाट झाडणं, कठडे बघणं, गर्दी आवरणं ही कामं गावकरीच करतात. त्यांनाच विचारा, ‘आज उघडलंय का?’ दरी दिसतेय की धुक्यात आहे, हे त्यांच्याइतकं खात्रीने कोणी सांगू शकत नाही.

मग झाडीतून वाट खाली उतरते. रमतगमत गेलात तरी दहा-पंधरा मिनिटांत बघण्याच्या जागेवर पोहोचता. चालणं एवढंच. पण जाताना उतार म्हणजे येताना चढ, हे गुडघेदुखीवाल्यांनी लक्षात ठेवावं. उतरताना घाई नको. पायरीच्या कडेला शेवाळ जास्त असतं, म्हणून पाऊल मधोमध आणि सपाट टाका, टाच आधी टेकवू नका. ज्येष्ठांच्या पुढे एक पायरी खाली कोणीतरी चालावं. मागून हात धरून काही उपयोग होत नाही, घसरणारा माणूस दोघांनाही घेऊन जातो.

सकाळी लवकर आलात तर या झाडीत एक शीळ ऐकू येईल. एखादा पोरगा रिकामटेकडेपणाने सूर शोधत असावा अशी, मधेच तुटणारी, पुन्हा भलत्याच सुरावर सुरू होणारी. तो शीळकरी कस्तूर. निळसर काळा पक्षी आहे, ओढ्याच्या काठी राहतो आणि पावसाळ्याच्या पहाटे गातो. दिसेलच असं नाही. स्पीकर लावून चालणाऱ्यांना तर ऐकूही येणार नाही. असा स्पीकर आपल्याच गटातल्या भाच्याच्या पिशवीत असला तर तो गाडीतच राहील अशी व्यवस्था मामाने करावी.

खाली धबधबे एकाहून अधिक आहेत. धाकटा तुलनेने जवळून दिसतो आणि लोक त्याच्यापुढेच फोटो काढून ‘झालं बघून’ म्हणत वळतात. तसं करू नका. मोठा धबधबा दरीच्या पलीकडच्या भिंतीवरून पडतो आणि त्याच्यासमोर बघण्यासाठी जागा बांधलेली आहे. तिथपर्यंत जा.

थांबायला शिका

या लेखातली सगळ्यात महत्त्वाची सूचना हीच आहे. बहुतेक लोक इथे येतात, धुकं बघतात, पाच मिनिटं चुळबुळ करतात आणि ‘नशिबात नव्हतं’ म्हणून कणसाच्या गाडीकडे वळतात. धुकं मात्र एका जागी बसून राहत नाही. वारा त्याला दरीतून वर ढकलतो, मधे फट पडते, पुन्हा मिटते. पाऊण तास तरी काढायचा असं घरूनच ठरवून या. कणीसवाल्या मावशींनाही हे ठाऊक असतं. ‘थांबा की वाईच, उघडंल आत्ता,’ असं त्या म्हणाल्या तर ते नुसतं कणीस खपवण्यासाठी नसतं.

उघडतं तेव्हा सगळं एकदम दिसत नाही. आधी आवाजाला दिशा येते. मग समोरच्या पांढऱ्यात एक जास्त पांढरी, हलणारी रेघ उमटते. त्यानंतर तिच्या दोन्ही बाजूंचा कातळ काळा होत जातो आणि नजर खाली खाली सरकते, तळ लागेपर्यंत. पाणी सरळ पडत नाही, हेही तेव्हा कळतं. वरच्या टप्प्यात धार एकसंध असते, मधे कातळाला आपटून फुटते, खाली येईपर्यंत तिचे तुषार होतात आणि वाऱ्याचा झोत आला की ते आडवे उडतात. कठड्यापाशी उभं राहिलं तर चेहरा ओला होतो. चष्मेवाल्यांनी कोरडा रुमाल आतल्या खिशात ठेवावा, बाहेरचा कधीच भिजलेला असतो.

समोरच्या भिंतीकडे नीट बघा. कातळात आडवे पट्टे दिसतील. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हारस पुन्हा पुन्हा वाहिला, थरावर थर थिजत गेले आणि त्यातून दख्खनचं पठार झालं. काही थर कठीण, काही ठिसूळ. पाणी ठिसूळ थर आधी खातं, वरचा कठीण थर छज्जासारखा पुढे राहतो आणि कधीतरी तुटून पडतो. सह्याद्रीतले धबधबे असे पायरी-पायरीने पडतात ते यामुळे. माथ्यावर जांभ्या दगडाचे सडे, म्हणजे सपाट कातळाची पठारं, आहेत. पावसाचं पाणी त्यांत मुरतं आणि हळूहळू झिरपत राहतं. म्हणूनच पाऊस उघडल्यावरही काही आठवडे धार चालू राहते. मुलं सोबत असतील तर त्यांना पट्टे मोजायला लावा. दहा मिनिटं शांततेची हमी.

दुपारी ऊन पडलं आणि सूर्य आपल्या पाठीशी असला तर तुषारांत इंद्रधनुष्य उमटतं. सप्टेंबरात ही संधी जास्त.

फोटोबद्दल थोडंसं. धुक्यात आणि तुषारांत मोबाइलच्या काचेवर बारीक थेंब बसतात आणि सगळे फोटो दुधाळ येतात. प्रत्येक फोटोआधी काच पुसा. उंची दाखवायची असेल तर फोन उभा धरा. कठड्यावर बसून, कठड्यापलीकडे पाय टाकून किंवा पाठ दरीकडे करून मागे मागे सरकत फोटो काढू नका. मुलाला कठड्यावर बसवून फोटो काढणारे बाबा दर रविवारी दिसतात. त्यांना हटकायला लाजू नका.

पाण्यात उतरायचं का?

नाही. दरीत तर नाहीच, पण वरच्या बाजूला ओढा उथळ आणि निरुपद्रवी दिसला तरी तिथेही नाही. डोंगरातल्या ओढ्याचं पाणी तुमच्या डोक्यावरच्या पावसाने वाढत नाही, वर कुठेतरी पडलेल्या पावसाने वाढतं. तुमच्याकडे ऊन असतं आणि चार किलोमीटर वर सर आलेली असते. 30 जून 2024 ला लोणावळ्यात भुशी धरणामागच्या ओढ्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. पाणी वाढताना ते प्रवाहाच्या मधोमध एकमेकांना धरून उभे होते आणि काठावरचे लोक काही करू शकले नाहीत. पाणी अचानक गढूळ झालं, त्यात काटक्या-पाला येऊ लागला किंवा आवाज बदलला, तर ओढ्याजवळ असाल तिथून त्याच क्षणी वर चढा. चपला, पिशवी, काही उचलत बसू नका.

अपघात झालाच तर 112 लावा. रुग्णवाहिकेसाठी 108, जंगलातल्या किंवा वन्यप्राण्यांच्या प्रश्नासाठी वनविभागाची हेल्पलाइन 1926. रेंज नसेल तर धावत फाटकाशी जा. दोर आणि वाटेची माहिती असलेली माणसं तिथूनच मिळतात. स्वतः खाली उतरू नका.

बांधलेल्या वाटेवर जळवांचा फारसा त्रास होत नाही, पण पालापाचोळ्यात शिरलात तर एखादी चिकटेल. ओढून काढू नका. चिमूटभर मीठ टाकलं की ती आपसूक सुटते. रक्त थोडा वेळ वाहत राहतं, घाबरण्यासारखं काही नसतं.

उरलेल्या दिवसाचं काय

धबधबा बघून अकरापर्यंत मोकळे झालात तर दोन वाटा आहेत. पुढे चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या आहेत. धुक्यातून अचानक एखादं अवाढव्य पातं डोक्यावरून फिरून जातं, मुलांना ते धबधब्यापेक्षा जास्त आवडण्याची शक्यता धरून चाला. गाडी मात्र रस्त्यावरच ठेवा. सड्यावर मातीचा थर जेमतेम बोटभर असतो आणि इवलाली फुलं त्यावरच जगतात. एक चाक फिरलं की तेवढा पट्टा उघडा पडतो.

दुसरी वाट परतीच्या रस्त्यावरच्या सज्जनगडाची. समर्थ रामदासांची समाधी तिथे आहे आणि दुपारी प्रसादाचं जेवण मिळतं, त्यामुळे वेळ साधली तर हॉटेल शोधावं लागत नाही. गाडीतळापासून वर पायऱ्या आहेत. सकाळी ठोसेघरचा चढ ज्यांना जड गेला त्यांनी खाली बसून उरमोडीचं पाणी बघावं, त्यातही काही कमीपणा नाही. गडावर माकडं आहेत, खाऊची पिशवी हातात लोंबकळत ठेवू नका.

कास त्याच दिवशी करायचा मोह टाळा. ते बोगद्यापासून दुसऱ्याच दिशेला आहे, फुलांच्या हंगामात तिथे आधी ऑनलाइन नोंदणी करावी लागते आणि दोन्हीकडे धावपळ करून एकही धड बघून होत नाही. साताऱ्यात मुक्काम असेल तर दुसरा दिवस त्याला द्या. ठोसेघरची वाट फारच सोपी वाटली असेल तर कासच्या बाजूचा भांबवलीचा वजराई धबधबाही जोडून घ्या. तो तीन टप्प्यांत पडतो आणि तिथे खरं जंगल लागतं. जळवाही तिथे खऱ्या भेटतात, मीठ पुरेसं न्या.

परतताना घाट उजेडात उतरा. पाचच्या पुढे धुकं पुन्हा दाटतं आणि दिवसभर थकलेला चालकही तोच असतो. साताऱ्यात मोती चौकाच्या आसपास कंदी पेढे घ्यायला थांबणार असाल तर गाडी लांब लावून चालत जा, तिथे गाडी उभी करायला जागा मिळत नाही.